स्वयंचलित फाइल हस्तांतरणातील लॉगिन दोषनिवारण

स्वयंचलित फाइल हस्तांतरणातील लॉगिन दोषनिवारण म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय चालणाऱ्या शेल स्क्रिप्टला दूरच्या सर्व्हरवर प्रवेश का मिळत नाही हे शोधणे आणि तो दोष दूर करणे होय. युनिक्स व लिनक्स प्रणालींत वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या मजकूर फाइलला शेल स्क्रिप्ट असे नाव आहे. बँका, बंदरे, वेधशाळा, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांच्यात रोज ठरलेल्या वेळी होणारी फाइलींची देवाणघेवाण बऱ्याच अंशी अशा स्क्रिप्टांवर अवलंबून असते.

संगणकासमोर माणूस बसलेला असेल, तर प्रोग्रामने विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देतो. स्क्रिप्ट चालते तेव्हा समोर कोणी नसते. या प्रकारातील पुष्कळ दोषांचे मूळ हेच आहे: प्रोग्रामने एखादा प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचे उत्तर मिळण्याची सोय नसते. म्हणून कोणत्या टप्प्यावर, कोणी, कोणता प्रश्न विचारला हे निश्चित करणे हा निदानाचा गाभा ठरतो. प्रश्न विचारणेच बंद करून टाकणे हा सोपा वाटणारा उपाय मात्र अनेकदा मूळ दोषापेक्षा धोकादायक असतो.

या लेखात आज्ञा, पर्याय व संदेश यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

इतिहास

फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच एफटीपी, हा फाइल हस्तांतरणाचा जुना व सर्वदूर पसरलेला संकेत आहे. त्याचा पहिला आराखडा भारतीय वंशाचे संगणकतज्ज्ञ अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी आरएफसी ११४ या दस्तऐवजाच्या रूपाने मांडला. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होते आणि आराखडा मांडला तेव्हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम करत होते. पुढे अनेक सुधारणा होऊन ऑक्टोबर १९८५ मध्ये आरएफसी ९५९ प्रसिद्ध झाला. एफटीपीचे आजचे मूळ स्वरूप त्यावरच आधारलेले आहे.

एफटीपी घडला तेव्हा संगणकजाळे मोजक्या संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते. त्यामुळे वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द जाळ्यावरून उघड मजकुराच्या रूपात जात. वाटेत कोणी पाळत ठेवली, तर ते दोन्ही त्याला सहज वाचता येत. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार उघडकीस आला. त्यानंतर तेथील संशोधक तातु युलोनेन यांनी सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, हा कूटबद्ध संकेत तयार केला. ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही त्याची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली. आज बहुतेक लिनक्स प्रणालींत तीच वापरली जाते.

प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला स्क्रिप्टमधून उत्तरे पुरवण्याची अडचणही जुनीच आहे. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट हे साधन उपलब्ध करून दिले. पडद्यावर अपेक्षित मजकूर उमटताच ठरवून दिलेले उत्तर आपोआप टंकणे हे त्याचे काम होय.

तीन संकेतांमधील फरक

एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी या नावांतील साम्यामुळे होणारा गोंधळ हेच लॉगिन अपयशाचे एक नेहमीचे कारण आहे.

• एफटीपी: आज्ञांसाठी २१ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते आणि माहितीसाठी स्वतंत्र जोडणी उघडली जाते. काहीही कूटबद्ध नसते.
• एफटीपीएस: एफटीपीवरच टीएलएस या कूटबद्धतेचे आवरण चढवलेले असते. आरएफसी ४२१७ या २००५ मधील दस्तऐवजात त्याचे वर्णन आहे. सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्राद्वारे पटवतो.
• एसएफटीपी: एसएसएचच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवरून चालणारा स्वतंत्र संकेत. एफटीपीशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. आज्ञा व माहिती एकाच कूटबद्ध जोडणीतून जातात.

सर्व्हरचालकाने "एफटीपीचे खाते" दिले असे तोंडी सांगितले असेल, तरी वरीलपैकी नेमका कोणता संकेत अपेक्षित आहे हे आधी विचारून घ्यावे लागते. एसएफटीपीच्या सर्व्हरशी एफटीपीच्या क्लायंटने बोलू पाहिले, तर नाव व परवलीचा शब्द अचूक असूनही प्रवेश मिळत नाही.

रायगड किनाऱ्यावरील संदर्भ

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाजवळचे बंदर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचसेवेने जोडलेले आहे. खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यात करंजा आहे आणि त्याच तालुक्यात न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले हे बंदर देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक आहे. कंटेनर जहाजावर कोणता डबा कोठे रचला आहे, कोणता उतरवायचा, कोणता चढवायचा ही माहिती जगभरातील बंदरे व जहाज कंपन्या एडिफॅक्ट या प्रमाणित स्वरूपातील संदेशांद्वारे एकमेकांना देतात. डब्यांच्या रचनेसाठी वापरला जाणारा बॅपली हा संदेश त्यांपैकीच एक. असे संदेश फाइलींच्या रूपात एफटीपी वा एसएफटीपीने पाठवण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. फाइल वेळेत पोहोचली नाही, तर जहाज धक्क्याला लागूनही पुढचे काम अडू शकते.

बंदराचे काम संगणकांवर किती विसंबून आहे याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामचा जगभर प्रसार झाला. त्याचा फटका बसलेल्या मर्स्क समूहाच्या ठिकाणांमध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाचे टर्मिनलही होते. हा प्रोग्राम दोन मार्गांनी पसरला. विंडोज प्रणालीतील एक त्रुटी हा पहिला मार्ग होता. बाधित संगणकाच्या स्मृतीतून लॉगिनची माहिती उचलून तिच्या आधारे शेजारच्या संगणकांत शिरणे हा दुसरा. तो हल्ला फाइल हस्तांतरणाच्या स्क्रिप्टांमुळे झालेला नव्हता. मात्र एका संगणकावर सापडलेली लॉगिनची माहिती इतर किती दरवाजे उघडू शकते हे त्यातून दिसले. स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला परवलीचा शब्द हा त्याच जातीचा धोका आहे.

पुढील विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेतले आहे. रेवस जेट्टीवरील एक संगणक भरती-ओहोटीच्या पातळीच्या नोंदी साठवतो आणि रोज पहाटे २ वाजता त्यांची फाइल मुंबईतील सर्व्हरवर पाठवतो, असे समजू.

प्रवेशाचे टप्पे

"लॉगिन होत नाही" या एका वाक्यात सहा वेगवेगळे दोष दडलेले असू शकतात. प्रत्येक टप्प्यावरील अपयशाचा संदेश निराळा असतो.

१. नावाचे पत्त्यात रूपांतर: सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता मिळत नाही. येथे चूक नावात किंवा डीएनएस सेवेत असते. परवलीच्या शब्दाचा प्रश्न अजून आलेलाच नसतो.
२. जोडणी: "कनेक्शन रिफ्यूज्ड" या संदेशाचा अर्थ सहसा त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम नाही, असा असतो. बराच वेळ काहीच न घडता "टाइम्ड आउट" आले, तर वाटेतील फायरवॉल किंवा तुटलेली जोडणी संभवते. काही सर्व्हर ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश देतात. रेवसच्या संगणकाची जोडणी मोबाइल जाळ्यावरून असेल, तर त्याचा पत्ता बदलत राहतो आणि काल चाललेली स्क्रिप्ट आज चालत नाही.
३. सर्व्हरची ओळख: सर्व्हर आपणच तो असल्याचे क्लायंटला पटवतो. येथील अपयशाचा संदेश "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड" असा असतो. एफटीपीएसमध्ये या जागी प्रमाणपत्राविषयीची तक्रार दिसते.
४. वापरकर्त्याची ओळख: क्लायंट आपली ओळख सर्व्हरला पटवतो. एसएसएचमध्ये "परमिशन डिनाइड" आणि एफटीपीमध्ये ५३० हा प्रतिसाद येथील अपयश दाखवतो.
५. खात्याची परवानगी: ओळख पटूनही खाते बंद, मुदतबाह्य किंवा या सेवेसाठी अपात्र असू शकते.
६. सत्र व माहितीची वाट: प्रवेश मिळतो, पण निर्देशिका सापडत नाही, लिहिण्याचा अधिकार नसतो किंवा माहितीची जोडणी उघडत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांवर दोन्ही पक्ष परस्परांना आपली ओळख पटवत असतात. दुरुस्ती करताना या दोहोंपैकी एकही बाजू कमकुवत होऊ न देणे महत्त्वाचे असते.

एफटीपीतील दोष

एफटीपीचा सर्व्हर प्रत्येक आज्ञेला तीन अंकी प्रतिसाद देतो. २२० म्हणजे सेवा सज्ज आहे, ३३१ म्हणजे नाव मिळाले व परवलीचा शब्द हवा, २३० म्हणजे प्रवेश मिळाला, ५३० म्हणजे प्रवेश झाला नाही, ४२५ म्हणजे माहितीची जोडणी उघडता आली नाही आणि २२६ म्हणजे हस्तांतरण पूर्ण झाले. लॉगमधील, म्हणजे नोंदवहीतील, हे आकडे वाचले तरी दोषाचा टप्पा बहुधा कळतो. २३० नंतर ४२५ दिसत असेल, तर लॉगिन यशस्वी झालेले आहे. अशा वेळी सक्रिय पद्धतीऐवजी निष्क्रिय पद्धत वापरून पाहतात. सक्रिय पद्धतीत माहितीची जोडणी सर्व्हर क्लायंटकडे उघडतो आणि ती फायरवॉलमध्ये अडते. निष्क्रिय पद्धतीत ती क्लायंटकडून उघडली जाते.

स्क्रिप्टमध्ये एफटीपीची आज्ञा देऊन त्याखालील ओळींत नाव व परवलीचा शब्द लिहिणे ही नवशिक्यांची नेहमीची पद्धत आहे. ओळींचा असा गठ्ठा आज्ञेला पुरवण्याच्या रचनेस हिअर-डॉक्युमेंट म्हणतात. क्लायंट जोडणी होताच स्वतःहून लॉगिनचा प्रयत्न करतो. तसेच अनेक क्लायंट परवलीचा शब्द पुरवलेल्या ओळींतून न वाचता थेट टर्मिनलकडे मागतात. परिणामी ओळींचा क्रम चुकतो आणि परवलीचा शब्दच आज्ञा समजला जातो. यावर दोन उपाय आहेत. "-एन" हा पर्याय देऊन आपोआप लॉगिन थांबवावे आणि पुढे "यूजर" या आज्ञेने नाव व परवलीचा शब्द एकत्र द्यावेत, हा पहिला उपाय. दुसरा उपाय ".नेटआरसी" या फाइलीचा.

".नेटआरसी" ही फाइल वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेत असते आणि तीत सर्व्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द लिहिलेला असतो. ती चालत नसल्यास तीन गोष्टी तपासतात. पहिली, फाइलीतील सर्व्हरचे नाव स्क्रिप्टमधील नावाशी तंतोतंत जुळते का; एका ठिकाणी नाव आणि दुसरीकडे आयपी पत्ता असेल तर नोंद सापडत नाही. दुसरी, फाइलीची परवानगी ६०० आहे का. इतरांना वाचता येणारी फाइल अनेक क्लायंट नाकारतात. तिसरी, "डिफॉल्ट" ही सर्वांना लागू होणारी नोंद शेवटी आहे का; ती आधी आली, तर तिच्याखालील नोंदींपर्यंत शोध पोहोचतच नाही.

एफटीपीएस वापरताना संगणकाचे घड्याळही पाहावे लागते. प्रमाणपत्राला आरंभ व समाप्तीची तारीख असते. वीज गेल्यानंतर घड्याळ काही वर्षे मागे गेले, तर वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते.

एसएफटीपीतील दोष

परवलीचा शब्द

ओपनएसएसएचचा एसएफटीपी क्लायंट परवलीचा शब्द हिअर-डॉक्युमेंटमधून स्वीकारत नाही. तो थेट टर्मिनलकडे मागतो आणि हे जाणूनबुजून तसे ठेवलेले आहे. एक्स्पेक्ट किंवा एसएसएचपास या साधनांनी ही अडचण ओलांडता येते, परंतु मग परवलीचा शब्द कोठे तरी वाचनीय स्वरूपात साठवावाच लागतो. तो आज्ञेच्या ओळीतच लिहिला, तर त्याच संगणकावरील इतर वापरकर्त्यांना चालू प्रोग्रामांच्या यादीत तो दिसण्याची शक्यता असते. यामुळे स्वयंचलित कामासाठी किल्ल्यांच्या जोडीचा वापर श्रेयस्कर मानला जातो.

किल्ल्यांची जोडी

या पद्धतीत खासगी किल्ली क्लायंटकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील "ऑथराइज्ड-कीज" या फाइलीत नोंदवली जाते. खासगी किल्ली जाळ्यावरून कधीच पाठवली जात नाही. ती आपल्याकडे आहे एवढेच क्लायंट स्वाक्षरीद्वारे सिद्ध करतो. किल्ली असूनही "परमिशन डिनाइड" आल्यास पुढील कारणे संभवतात.

• सर्व्हरवरील परवानग्या: वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेत इतरांना लिहिता येत असेल, तर सर्व्हर किल्लीकडे दुर्लक्ष करतो. ".एसएसएच" निर्देशिकेसाठी ७०० आणि "ऑथराइज्ड-कीज" फाइलीसाठी ६०० ही परवानगी योग्य मानतात. क्लायंटकडील खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल, तर क्लायंट ती वापरत नाही.
• सांकेतिक वाक्य: खासगी किल्लीला संरक्षक वाक्य दिलेले असेल, तर ते विचारले जाते आणि स्क्रिप्टपाशी उत्तर नसते.
• एकापेक्षा जास्त किल्ल्या: ओपनएसएसएचचा सर्व्हर एका जोडणीत मूलतः ६ प्रयत्नांची मुभा देतो. क्लायंटने अनेक किल्ल्या एकामागून एक पुढे केल्या, तर योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच मर्यादा संपते. "आयडेंटिटीजओन्ली" हा पर्याय लावून नेमकी किल्ली नमूद केल्यास ही अडचण दूर होते.
• कालबाह्य पद्धती: ओपनएसएसएचने २०१५ मध्ये डीएसए किल्ल्या आणि २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीपासून आरएसए किल्ल्यांची शा-१ वर आधारित स्वाक्षरी मूलतः बंद केली. वर्षानुवर्षे चाललेली स्क्रिप्ट प्रणाली अद्ययावत केल्यानंतर अचानक बंद पडते, तेव्हा हे कारण आधी तपासावे. ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली तयार करणे किंवा जुना सर्व्हर अद्ययावत करणे हा त्यावरील टिकाऊ उपाय होय.

यजमान-किल्ली

प्रत्येक एसएसएच सर्व्हरला स्वतःची ओळख देणारी यजमान-किल्ली असते. क्लायंट प्रथम जोडणीच्या वेळी तिचा ठसा दाखवून तो मान्य आहे का असे विचारतो आणि होकार मिळाल्यास ती "नोन-होस्ट्स" या फाइलीत नोंदवतो. स्क्रिप्ट पहिल्यांदाच चालत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी नसते. पुढे कधी ही किल्ली बदललेली आढळली, तर क्लायंट ठळक इशारा देऊन थांबतो.

किल्ली बदलण्याची दोन कारणे असू शकतात. सर्व्हर नव्याने उभारला गेला असेल किंवा वाटेत कोणी तरी सर्व्हरचे सोंग घेऊन बसले असेल. क्लायंटला या दोहोंतील फरक कळत नाही. अशा वेळी "स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग" हा पर्याय "नो" करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने स्क्रिप्ट चालू होते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणे थांबते. रेवसची फाइल मग मुंबईला पोहोचली की मधल्या कोणाच्या हाती पडली हे सांगता येत नाही. योग्य मार्ग असा की सर्व्हरचालकाकडून दूरध्वनीसारख्या निराळ्या मार्गाने ठसा मागवावा, तो आपल्याला दिसणाऱ्या ठशाशी ताडून पाहावा, जुनी नोंद काढावी आणि मगच नवी नोंदवावी. "एसएसएच-कीस्कॅन" ही आज्ञा किल्ली आणून देते, तिची सत्यता मात्र तपासत नाही.

सर्व्हरवरील अनपेक्षित मजकूर

काही वेळा लॉगिन यशस्वी होते आणि लगेच "रिसीव्हड मेसेज टू लाँग" असा संदेश येऊन सत्र तुटते. सर्व्हरवरील वापरकर्त्याच्या शेल-आरंभ फाइलीत स्वागताचा मजकूर छापणारी आज्ञा असली, की असे घडते. एसएफटीपीचा क्लायंट तो मजकूर संकेताचा भाग समजतो आणि गोंधळतो. असा मजकूर केवळ परस्परसंवादी सत्रांतच छापला जाईल अशी व्यवस्था करणे हा उपाय आहे.

हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही

ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या युनिक्समधील सेवेला क्रॉन म्हणतात. दुपारी हाताने चालवलेली स्क्रिप्ट पहाटे क्रॉनमधून मात्र अपयशी ठरते, ही तक्रार फार नेहमीची आहे. त्यामागे परिसरातील, म्हणजे प्रोग्रामला उपलब्ध असलेल्या पर्यावरण-चलांतील, फरक असतो.

• क्रॉन अतिशय मर्यादित परिसर पुरवतो. आज्ञा शोधण्याचा मार्ग तोकडा असल्याने आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहावे लागतात.
• दिवसा वापरकर्त्याच्या सत्रात एसएसएच-एजंट किल्ली उघडी ठेवून असतो. क्रॉनला त्याचा पत्ता माहीत नसतो. हाताने केलेली चाचणी एजंटमुळे यशस्वी झाली होती हे लक्षात येत नाही.
• काम दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे, विशेषतः रूट खात्यातून, चालत असेल, तर त्याची "नोन-होस्ट्स", ".नेटआरसी" व किल्ल्या वेगळ्या असतात.
• क्रॉनटॅबच्या ओळीत टक्केवारीचे चिन्ह आले, तर ते नव्या ओळीची खूण समजले जाते आणि त्यापुढील भाग आज्ञेतून तुटतो. फाइलीच्या नावात तारीख घालताना ही चूक हमखास होते.

पडताळणीसाठी "एन्व्ह -आय" या आज्ञेने रिकामा परिसर निर्माण करून त्यात स्क्रिप्ट चालवून पाहतात. क्रॉनमध्ये दिसणारा दोष बऱ्याचदा दिवसाही तसाच दिसू लागतो.

शेलच्या लेखनातील चुका

परवलीचा शब्द अचूक असूनही तो सर्व्हरपर्यंत बदलून पोहोचू शकतो. डॉलर चिन्हापुढील अक्षरे शेल चलाचे नाव समजतो आणि त्या जागी चलाची किंमत घालतो. चल अस्तित्वात नसेल तर जागा रिकामी राहते. दुहेरी अवतरणचिन्हांतही हे घडते, एकेरी अवतरणचिन्हांत घडत नाही. हिअर-डॉक्युमेंटमध्येही शेल हा बदल करतो. त्याची आरंभखूण अवतरणचिन्हांत लिहिल्यास मजकूर जसाच्या तसा राहतो.

विंडोज संगणकावर तयार केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते. ती लिनक्सवर आणल्यावर ते चिन्ह परवलीच्या शब्दाला चिकटते आणि ५३० हा प्रतिसाद येतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसत असल्याने हा दोष डोळ्यांना सापडत नाही. ओळींची अखेर युनिक्स पद्धतीची करून घेतल्यास तो नाहीसा होतो.

खोटे यश

लॉगिन अयशस्वी होऊनही स्क्रिप्टने यशाची नोंद करणे हा सर्वांत फसवा प्रकार होय. अनेक एफटीपी क्लायंट प्रवेश नाकारला गेला तरी समाप्तीच्या वेळी शून्य हा यशदर्शक अंक परत करतात. त्यामुळे त्या अंकावर न विसंबता लॉगमध्ये २३० आणि २२६ हे प्रतिसाद आहेत का हे पाहावे लागते. एसएफटीपी क्लायंटला "-बी" या पर्यायाने आज्ञांची फाइल दिली, तर तो कोणताही प्रश्न विचारत नाही आणि आज्ञा अयशस्वी होताच शून्येतर अंक देऊन थांबतो. स्क्रिप्टसाठी म्हणूनच ही पद्धत योग्य ठरते.

उदाहरणातील फाइल तीन आठवडे पोहोचलीच नाही आणि तरीही रोज "काम पूर्ण" अशी नोंद होत राहिली, तर दोष कळेपर्यंत जुन्या नोंदी रेवसच्या संगणकावरून पुसल्याही गेलेल्या असू शकतात. फाइल पाठवल्यावर सर्व्हरवरील तिचा आकार ताडून पाहणे आणि त्यानंतरच मूळ प्रत हलवणे ही यावरील खबरदारी आहे.

निदानाचा क्रम

१. अपयशाचा नेमका संदेश व वेळ नोंदवावी. संदेश दडपला जात असेल, तर स्क्रिप्टचा सर्व निर्गत मजकूर, त्रुटींसह, फाइलीत वळवावा.
२. ज्या वापरकर्त्याच्या नावे काम चालते त्याच खात्यातून तीच आज्ञा हाताने चालवावी.
३. "-व्ही" हा पर्याय देऊन तपशील मागवावा. एसएसएचमध्ये तो तीनदा दिल्यास सर्वाधिक तपशील मिळतो.
४. वरील सहा टप्प्यांपैकी शेवटचा यशस्वी टप्पा कोणता हे ठरवावे.
५. चौथ्या व पाचव्या टप्प्यांवरील दोषांसाठी सर्व्हरचा लॉग पाहावा. हल्लेखोराला मदत होऊ नये म्हणून सर्व्हर क्लायंटला मोघम उत्तर देतो. खरे कारण त्याच्या लॉगमध्येच असते. डेबियन कुळातील प्रणालींत हा लॉग परंपरेने "ऑथ.लॉग" आणि रेड हॅट कुळात "सिक्युअर" या नावाने असतो.
६. एका वेळी एकच बदल करावा आणि चाचणीसाठी शिथिल केलेल्या परवानग्या पूर्ववत कराव्यात.

चाचणी करताना प्रयत्नांची संख्याही मर्यादित ठेवतात. चुकीच्या शब्दाने वारंवार प्रयत्न करणारी स्क्रिप्ट सर्व्हरला हल्लेखोरासारखीच दिसते. खाते कुलूपबंद झाले किंवा आयपी पत्ता रोखला गेला, तर मूळ दोषाच्या जोडीला दुसरा दोष तयार होतो.

सुरक्षितता

दुरुस्तीच्या घाईत परवानगी ७७७ करणे, परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्ये लिहिणे आणि यजमान-किल्लीची तपासणी बंद करणे हे तीन "उपाय" वारंवार योजले जातात. पहिल्याने एसएफटीपीचा दोष उलट वाढतो, कारण सैल परवानग्या पाहून सर्व्हर किल्ली नाकारतो. दुसऱ्याने स्क्रिप्टची प्रत जेथे जाईल तेथे परवलीचा शब्दही जातो. तिसऱ्याने सर्व्हरची ओळख पटवण्याचा टप्पाच नाहीसा होतो.

संरक्षक वाक्य नसलेली किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला प्रवेश मिळतो. म्हणून तिचा आवाका लहान ठेवतात. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र खाते व स्वतंत्र किल्ली असावी. "ऑथराइज्ड-कीज" फाइलीत किल्लीपूर्वी "फ्रॉम" हा पर्याय लिहून ती ठरावीक पत्त्यांवरूनच चालेल असे करता येते, तर "रिस्ट्रिक्ट" या पर्यायाने तिच्या इतर सवलती काढून घेता येतात. सर्व्हरवर त्या खात्याला केवळ एसएफटीपी वापरण्याची आणि एकाच निर्देशिकेत वावरण्याची मुभा देता येते. त्यासाठी ठरवलेली मूळ निर्देशिका रूटच्या मालकीची असावी लागते आणि तीत इतर कोणाला लिहिता येता कामा नये. अन्यथा लॉगिन होताच सत्र तुटते. फाइली स्वीकारण्यासाठी तिच्या आत वेगळी उपनिर्देशिका करतात.

भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि प्रणालींची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. फाइल हस्तांतरणाच्या दोषनिवारणातही लॉग आणि घड्याळ यांचे महत्त्व तेवढेच आहे. रेवसचा संगणक आणि मुंबईचा सर्व्हर यांची घड्याळे जुळत नसतील, तर पहाटे २ वाजता नाकारला गेलेला प्रयत्न सर्व्हरच्या लॉगमध्ये नेमका कोणता हे ओळखणे कठीण होते.

हे सुद्धा पहा

• फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल
• सिक्युअर शेल
• क्रॉन
• सार्वजनिक किल्ली कूटलेखन
• जवाहरलाल नेहरू बंदर
• रेवस